२१४ एमबीचा प्रबंध: वजन कुठे आहे आणि ते कसे उतरवावे

पुण्यातील वाड्यांच्या लाकडी बांधकामावरचा तुमचा प्रबंध २८४ पानांचा असून त्याची वर्ड फाइल २१४ एमबी झाली आहे. ती उघडायला काही मिनिटे लागतात, मार्गदर्शकांच्या संगणकावर अडकते आणि मेलने जात नाही, असे तुम्ही लिहिले आहे. झिप करून पाहिली तरी ती २०९ एमबीच्या खाली आली नाही, बारा छायाचित्रे काढून टाकली तरी आकार जवळपास तेवढाच राहिला, आणि म्हणून फाइल बिघडली असावी अशी शंका तुम्हाला येते आहे. तुम्ही ड्राइव्हवर ठेवलेली प्रत मी उतरवून घेतली आणि आतून पाहिली. फाइल बिघडलेली नाही. तिच्यात ज्या गोष्टी तुम्हाला दिसत नाहीत पण वर्डने प्रामाणिकपणे सांभाळून ठेवल्या आहेत, त्यांचेच हे वजन आहे. ते कुठे कुठे आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिले की उपाय करणे अवघड नाही. मी मात्र एक आग्रह धरीन: तपासणी आधी आणि उपाय नंतर. सदाशिव पेठेत प्रबंध आणि पुस्तके जुळवून देण्याचे काम मी पंचवीस वर्षे करतो आहे, आणि या कामात झालेले बहुतेक नुकसान मी हा क्रम उलटा झाल्यामुळेच झालेले पाहिले आहे.

झिप करून फरक का पडला नाही, ते आधी सांगतो, कारण त्यातूनच पुढचा मार्ग सापडतो. वर्ड २००७ पासून जी डॉट डॉकएक्स पद्धतीची फाइल तयार होते, ती मुळातच एक झिप असते. बाहेरून एक फाइल दिसते, पण आत फोल्डर असतात आणि त्यांत मजकूर, शैली, तळटीपा, चित्रे असे भाग वेगवेगळे ठेवलेले असतात. ही रचना २००८ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक झाली. जे एकदा झिप झाले आहे ते पुन्हा झिप केल्याने फारसे आकसत नाही, आणि जेपीजी छायाचित्र तर स्वतःच दाबून लहान केलेले असते. झिपच्या जागी रार वापरून किंवा झिपची 'मॅक्सिमम' ही पातळी निवडूनही या कारणासाठी काही हाती लागणार नाही.

आता हीच गोष्ट तपासणीसाठी वापरायची. फाइलची प्रत करा. विंडोजमध्ये फोल्डरच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन फाइलच्या नावापुढचे एक्स्टेन्शन दिसेल असे करा, आणि प्रतीच्या नावातले शेवटचे डॉकएक्स पुसून तिथे झिप असे लिहा. विंडोज एकदा बजावेल, तिकडे होकार द्या. मग ती प्रत साध्या झिपसारखी उघडते. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'मीडिया', 'एम्बेडिंग्ज' आणि असलाच तर 'फॉन्ट्स' हे तीन फोल्डर आहेत, आणि त्यांच्या शेजारी 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल आहे, जिच्यात तुमचा मुख्य मजकूर आहे. तुमच्या प्रतीत 'मीडिया' १६८ एमबी, 'एम्बेडिंग्ज' ३४ एमबी आणि 'फॉन्ट्स' ९ एमबी भरला. बाकी सगळे मिळून, म्हणजे तुमची पाच वर्षांची लेखणी, तळटीपा, संदर्भसूची आणि शैली धरून, ३ एमबी.

मजकूर हा गुन्हेगार कधीच नसतो. देवनागरीचे एक चिन्ह या फाइलीत ३ बाइट घेते. पानावर साधारण १,८०० चिन्हे धरली तर २८४ पानांचा नुसता मजकूर दीड एमबीच्या आसपास जातो, आणि झिपमध्ये तो आणखी खूप आकसतो. परिशिष्ट कमी करू का, तळटीपा वेगळ्या काढू का, असे तुम्ही विचारले आहे; वजनासाठी म्हणून त्यातले काहीही करू नका.

पुढे जाण्याआधी एक काम आजच करा, आणि ते झाल्याशिवाय पुढचे काहीही करू नका. 'मीडिया' फोल्डर जसाच्या तसा बाहेर काढून हार्ड डिस्कवर एका ठिकाणी आणि ड्राइव्हवर दुसऱ्या ठिकाणी ठेवा. तुमच्या फोनमध्ये मूळ छायाचित्रे आहेत असे तुम्ही म्हणाल, पण पाच वर्षांत फोन बदलतात. मी हे इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका अभ्यासकाचा असाच फुगलेला प्रबंध माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी सादर करायचा होता, म्हणून मी सगळी छायाचित्रे एकाच आज्ञेने सर्वांत कमी पातळीवर, ९६ पिक्सेल प्रति इंचावर, आणली, फाइल त्याच नावाने जतन केली आणि परत दिली. छपाई चालण्यासारखी आली. पुढे त्या अभ्यासकाला पुस्तक करायचे होते तेव्हा कळले की मूळ छायाचित्रे ज्या संगणकात होती तो विकला गेला आहे, आणि त्यांतला शनिवार पेठेतला एक वाडा मधल्या काळात उतरवून तिथे इमारत उभी राहिली आहे. त्या वाड्याच्या ओसरीची महिरप आता जगात फक्त ५५२ पिक्सेल रुंदीची शिल्लक आहे, आणि तिच्यावरची वेलबुट्टी त्या चित्रात ओळखू येत नाही. ही चूक माझ्या हातून झाली. तेव्हापासून मूळ चित्रे बाहेर काढून ठेवल्याशिवाय मी कोणाच्याही फाइलीला हात लावत नाही. तुमच्या यादीतलेही कितीतरी वाडे आज आहेत, उद्या नसतील. प्रबंधाची फाइल हे त्यांचे एकमेव घर असता कामा नये.

आता तुमच्या बारा छायाचित्रांकडे येतो. ती तुम्ही पुसलीत, पण फाइलीत ती जशीच्या तशी आहेत. मार्गदर्शकांनी दुरुस्त्या सुचवताना 'रिव्ह्यू'मधले 'ट्रॅक चेंजेस' चालू केले होते आणि ते तसेच राहिले आहे. ते चालू असताना ओळीत बसवलेले चित्र पुसले, तर वर्ड त्याला फक्त 'पुसलेले' अशी खूण करतो. ती दुरुस्ती कोणीतरी मान्य करेपर्यंत चित्र आत राहते. वरच्या पट्टीत 'नो मार्कअप' निवडलेले असल्याने तुम्हाला पान स्वच्छ दिसते, एवढेच. 'ऑल मार्कअप' निवडून पाहा, बाराही चित्रे खोडलेल्या अवस्थेत परत दिसतील. उपाय असा: मार्गदर्शकांचे शेरे असलेली प्रत तारीख घालून वेगळी जतन करा, कारण तो तुमच्या कामाचा पुरावा आहे. मग नव्या प्रतीत सगळ्या दुरुस्त्या एकेक करून वाचा आणि मान्य किंवा अमान्य करा, आणि शेवटी 'ट्रॅक चेंजेस' बंद करा. 'अ‍ॅक्सेप्ट ऑल' हे बटण सोपे आहे, पण तुमच्या फाइलीत साडेचारशेहून अधिक दुरुस्त्या आहेत आणि त्यांतल्या काही एकमेकींच्या विरुद्ध आहेत, तेव्हा ते दाबण्याआधी निदान चौथे प्रकरण तरी पूर्ण वाचा.

'एम्बेडिंग्ज'मधल्या ३४ एमबीची गोष्ट वजनापेक्षा गंभीर आहे. एक्सेलमधून तुम्ही १४ आलेख आणले आणि चिकटवताना 'एम्बेड वर्कबुक' हा पर्याय निवडला. त्याचा अर्थ असा की प्रत्येक आलेखाबरोबर तुमचे संपूर्ण सर्वेक्षणाचे वर्कबुक, सगळ्या शीट्ससकट, फाइलीत आले. एक वर्कबुक साधारण २.४ एमबीचे, आणि ते १४ वेळा. मी पहिल्या आलेखावर उजवे बटण दाबून 'एडिट डेटा' उघडले, तर पहिल्या शीटवर तुळयांची मापे होती आणि तिसऱ्या शीटवर वाड्यांच्या मालकांची नावे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक आणि 'भाडेकरूंशी वाद चालू' अशा तुमच्या खाजगी नोंदी. मी ती शीट तिथेच बंद केली. पण ही फाइल ज्याच्या हाती जाईल, त्याला हे सगळे दोन टिचक्यांत दिसेल. ज्या लोकांनी विश्वासाने तुम्हाला माडीपर्यंत नेले आणि कागद दाखवले, त्यांची माहिती अशी बाहेर पडू देणे योग्य नाही. म्हणून हे काम वजन कमी करायचे नसते तरीही करावे लागले असते. प्रत्येक आलेख एक्सेलमधून पुन्हा कॉपी करा आणि वर्डमध्ये 'पेस्ट स्पेशल'मधून 'एनहान्स्ड मेटाफाइल' म्हणून चिकटवा. ते रेषांचे चित्र असते, कितीही मोठे केले तरी फुटत नाही, आणि काही केबींतच बसते. मूळ एक्सेल फाइल तुमच्याकडे राहते, आकडा बदलला तर आलेख पुन्हा आणायचा. हे चौदा आलेखांचे एका दुपारचे काम आहे.

आता मुख्य वजन, म्हणजे छायाचित्रे. 'मीडिया'मध्ये ५८ छायाचित्रे आहेत, त्यांत तुम्ही पुसलेली १२ धरून. ४० जेपीजी आहेत आणि १८ पीएनजी. जेपीजी फोनवरून थेट आलेली, ४,००० गुणिले ३,००० पिक्सेलची, प्रत्येकी दोन-अडीच एमबीची. तुमच्या पानाचा डावा समास दीड इंच आणि उजवा एक इंच आहे, म्हणजे ए-फोर कागदावर चित्राला पावणेसहा इंच रुंदी मिळते. त्या पावणेसहा इंचांत ४,००० पिक्सेल म्हणजे इंचाला जवळजवळ ७०० झाले. आप्पा बळवंत चौकातल्या किंवा अन्य कोणत्याही लेझर छपाईत छायाचित्राला इंचाला २२० पिक्सेल मिळाले तर डोळ्याला कमतरता जाणवत नाही. म्हणजे १,२६५ पिक्सेल रुंदी पुरते. रुंदी आणि उंची दोन्ही त्या प्रमाणात घटल्यावर पिक्सेलांची एकूण संख्या मूळच्या दहाव्या हिश्श्यावर येते, आणि वजनही साधारण त्याच मापाने उतरते.

हे वर्डच्या आतूनच करता येते. आधी चित्र पानावर ज्या अंतिम आकारात हवे त्या आकाराचे करा, कारण वर्ड पिक्सेलांचा हिशेब पानावर दिसणाऱ्या आकाराप्रमाणे करतो. आज अर्ध्या पानाचे चित्र दाबले आणि उद्या ते पूर्ण पानाचे केले, तर ते धूसरच दिसणार. मग चित्रावर टिचकी मारून 'पिक्चर फॉरमॅट'मध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' उघडा. तिथे 'अप्लाय ओन्ली टू धिस पिक्चर'ची खूण राहू द्या, 'डिलीट क्रॉप्ड एरियाज ऑफ पिक्चर्स'ची खूण करा आणि 'प्रिंट', म्हणजे २२०, निवडा. खूण काढून सगळी चित्रे एकदम करण्याचा मोह होईल. तो टाळा, कारण तुमच्या फाइलीत छायाचित्रांखेरीज मोडी कागदांची स्कॅन आणि वाड्यांचे आराखडे आहेत, आणि त्यांना हे माप लागू करता येत नाही. उरलेल्या २८ जेपीजींना एकेक करून अर्धा तास लागेल.

कापलेल्या भागाबद्दल थोडे थांबतो. विश्रामबागवाड्याच्या दर्शनी कोरीवकामाच्या चित्रातून तुम्ही खालच्या दुचाक्या आणि रस्त्यावरची माणसे कापली आहेत, दुसऱ्या एका चित्रातून ओसरीत बसलेल्या आजी. पानावर ती दिसत नाहीत, पण वर्ड कापलेला भाग टाकून देत नाही, झाकून ठेवतो, म्हणजे नंतर कोणालाही ते चित्र पूर्ववत करता येते. वरची खूण केल्याने तो भाग खरोखर जातो, आणि वजन उतरतेच, शिवाय त्या आजींचा खाजगीपणाही राखला जातो. 'रिमूव्ह बॅकग्राउंड' किंवा 'आर्टिस्टिक इफेक्ट्स' वापरले असतील तर वर्ड मूळ चित्राची आणखी एक प्रत ठेवतो; 'मीडिया'त 'एचडीफोटो' या नावाने ज्या तीन फाइली दिसतात त्या याच. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अ‍ॅडव्हान्स्ड' या क्रमाने जाऊन 'इमेज साइझ अँड क्वालिटी' या भागात 'डिस्कार्ड एडिटिंग डेटा'ची खूण करून फाइल जतन केली की त्या जातात. त्याच ठिकाणी 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल' असाही पर्याय आहे. तो तुमच्या बाबतीत चालू ठेवा, म्हणजे जतन करताना वर्ड आपल्या मनाने स्कॅनना हात लावणार नाही आणि काय दाबायचे ते तुम्हीच ठरवाल. हा पर्याय चालू असल्यामुळेच फाइल फुगते, असे अनेक जण सांगतात आणि तो सरसकट बंद करायला लावतात. ज्याच्या फाइलीत फक्त फोनची छायाचित्रे आहेत त्याच्यासाठी तो सल्ला योग्य आहे, तुमच्यासाठी नाही.

१८ पीएनजी चित्रांचा उगम वेगळा आहे. ती व्हॉट्सअ‍ॅपवर आली, तुम्ही ती संगणकाच्या पडद्यावर मोठी करून पडद्याचेच चित्र घेतले आणि वर्डमध्ये चिकटवले. असे चिकटवलेले चित्र वर्ड पीएनजी म्हणून ठेवतो. पीएनजी ही पद्धत एकही पिक्सेल न गमावता दाबते. रेषा, अक्षरे, सपाट रंग यांना ती उत्तम, पण लाकडाच्या रेषा आणि सावल्या यांनी भरलेल्या छायाचित्राला ती फार जड पडते. तुमचे एकेक पीएनजी साडेतीन एमबीच्या वर आहे, आणि तरीही ते मूळ जेपीजीपेक्षा कमी स्पष्ट आहे, कारण ते पडद्याचे चित्र आहे. यांना दाबू नका, बदला. ज्यांनी ती पाठवली त्यांच्याकडून मूळ चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, म्हणजे वाटेत ते लहान होणार नाही. इरफानव्ह्यूसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्याची रुंदी १,३०० पिक्सेल करून जेपीजी म्हणून जतन करा. मग वर्डमधल्या चित्रावर उजवे बटण दाबून 'चेंज पिक्चर' निवडा. चित्राची जागा, आकार आणि खालची आकृतीची ओळ तशीच राहते, आणि आकृत्यांच्या यादीला धक्का लागत नाही.

मोडी कागद आणि आराखडे यांना मी छायाचित्रांच्या रांगेत कधीच बसवत नाही. मोडीत हात न उचलता लिहिलेली वळणे असतात, शब्द तोडलेले नसतात, आणि एखादा बारीक फाटा पुसट झाला की वाचन बदलते. तुमच्या तिसऱ्या परिशिष्टातला जमाखर्चाचा कागद मी पडद्यावर २२० पिक्सेलांवर आणून पाहिला: ओळी वाचता येतात, पण रकमांच्या खुणा एकमेकींत मिसळतात, आणि वाचकाला नेमक्या त्याच तर हव्या आहेत. म्हणून अशा पानांना इंचाला ३००च्या खाली जाऊ नका. वजन कमी करायचे तर रंग कमी करा: कागदाचा पिवळेपणा हा तुमच्या मुद्द्याचा भाग नसेल, तर स्कॅन करड्या छटांत बदला. आराखड्यांचे उलट आहे. ऑटोकॅडमधून ते रेषांच्या रूपात, म्हणजे एनहान्स्ड मेटाफाइल म्हणून आले तर हलके आणि स्वच्छ राहतात. अपवाद तुमच्या दुसऱ्या प्रकरणातल्या चौकाच्या छेदाचा आहे, ज्यात दगडी जोत्यावर दाट हॅच, म्हणजे बारीक रेघांची भरण, भरले आहे. प्रत्येक छोटी रेघ वेगळी नोंदली गेल्याने ते एकटे चित्र जड झाले आहे आणि ते पान येताच वर्ड थबकतो. ते इंचाला ६०० पिक्सेलांचे, शुद्ध काळे-पांढरे पीएनजी करा. आकडा मोठा वाटला तरी दोनच रंग असल्याने ते फार लहान होते.

फॉन्टचे ९ एमबी तुम्ही जाणूनबुजून घातले आहेत, आणि त्यामागची भीती मला माहीत आहे. छपाईच्या दुकानातल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की जोडाक्षरे तुटतात, ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतली पाने चुकतात. 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह' या भागात 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' चालू करून तुम्ही त्यावर उपाय केला, पण त्याखालच्या दोन्ही खुणा मोकळ्या राहिल्या, म्हणून निर्मला यूआयसारखे विंडोजमध्ये असतातच ते फॉन्टसुद्धा पूर्ण आत आले. 'डू नॉट एम्बेड कॉमन सिस्टिम फॉन्ट्स'ची खूण नक्की करा. 'फक्त वापरलेली अक्षरे' हा दुसरा पर्याय मात्र सध्या नको, कारण मार्गदर्शकांनी त्यांच्या संगणकावर नवे वाक्य लिहिले आणि त्यातले एखादे अक्षर आत नसले, तर गोंधळ होतो. खरे म्हणजे दुकानात वर्डची फाइल द्यायचीच नाही. तुमच्याच संगणकावर 'सेव्ह अ‍ॅज'मधून पीडीएफ करा आणि तीच द्या. तिच्यात फॉन्ट आपोआप जातात, पाने हलत नाहीत, आणि मग वर्डच्या फाइलीत फॉन्ट बाळगण्याचे कारण फक्त मार्गदर्शकांपुरते उरते. त्यांच्याकडे तो फॉन्ट एकदा बसवून दिलात तर तेही उरत नाही.

सगळा मजकूर निवडून नव्या कोऱ्या फाइलीत चिकटवा, हा सल्लाही तुम्हाला मिळाला आहे. त्यात तथ्य आहे, पण तो शेवटचा उपाय आहे. दस्तऐवजाच्या अगदी शेवटच्या परिच्छेदखुणेत पानाची मांडणी आणि बरीच जुनी माहिती असते, म्हणून ती खूण सोडून बाकीचे कॉपी केल्यास कधी कधी वर्षानुवर्षांचा गाळ मागे राहतो. त्याने फाइल चपळ होऊ शकते. पण चित्रे आणि वर्कबुके कॉपीबरोबर तशीच येतात, तेव्हा तुमच्या २१४पैकी फारसे त्याने उतरले नसते, आणि शेवटच्या विभागाची शीर्षपट्टी व पानक्रमांक पुन्हा बसवावे लागले असते ते वेगळेच. फाइल जड असणे आणि फाइल संथ असणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तुमच्याकडे दोन्ही आहेत: जडपणा चित्रांचा आहे, संथपणा बऱ्याच अंशी मान्य न केलेल्या दुरुस्त्यांचा आणि त्या एका हॅचच्या चित्राचा.

जुनी डॉट डॉक किंवा आरटीएफ करून पाहू नका. आरटीएफमध्ये चित्राचा प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहिला जातो, आणि वर्ड त्याशिवाय चित्राची आणखी एक प्रत घालतो, त्यामुळे फाइल कमी होण्याऐवजी कित्येक पट वाढते. तुमच्या पहिल्या दोन प्रकरणांच्या सुट्या फाइली जुन्या डॉट डॉकमध्ये आहेत, त्या उघडून डॉकएक्स म्हणून जतन करा. वर्ड २००३पर्यंतच्या फाइलींत 'फास्ट सेव्ह' नावाची सोय होती, जी बदल नुसते शेवटी जोडत जाई आणि पुसलेला मजकूर आत ठेवी. नव्याने जतन केल्यावर तो जातो. आणि फाइल लहान करून देणाऱ्या संकेतस्थळांवर हा प्रबंध चढवू नका. अप्रकाशित मापे, मोडी कागद आणि लोकांची माहिती अनोळखी संगणकावर ठेवण्याइतकी ती सोय मोलाची नाही, शिवाय ती संकेतस्थळे स्कॅन आणि छायाचित्र यांत भेद करत नाहीत.

मी तुमच्या प्रतीवर वरच्या क्रमाने काम करून पाहिले: पुसलेली १२ चित्रे काढली, आलेख बदलले, ४६ छायाचित्रे २२०वर आणली, स्कॅन ३००वर ठेवली, फॉन्ट कमी केले. १८ पीएनजींच्या जागी मूळ चित्रे माझ्याकडे नसल्याने त्यांचीच जेपीजी करून बसवली आहेत, ती तुम्ही बदलायची आहेत. फाइल १७ एमबी झाली. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे आणि मेलमध्ये जाताना जोडलेली फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, तरीही ती जाते. जतन केल्यावर 'फाइल'मधल्या 'इन्फो'त 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' एकदा चालवा, म्हणजे शेरे किंवा लपवलेला मजकूर कुठे राहिला असेल तर कळेल. त्यातली 'रिमूव्ह ऑल' ही बटणे मात्र विचार करून दाबा, कारण शीर्षपट्टी आणि तळपट्टीही त्या यादीत असतात.

माझ्या प्रतीवर विसंबून राहू नका. हेच काम तुमच्या मूळ फाइलीच्या प्रतीवर तुम्ही स्वतः करा, कारण कोणत्या चित्रात काय दिसायलाच हवे हे तुम्हाला माहीत आहे, मला नाही. सगळे झाल्यावर पूर्ण प्रबंध छापण्याआधी पीडीएफमधली तीनच पाने, एक कोरीवकामाचे, एक मोडीचे आणि एक आराखड्याचे, ज्या दुकानात छापणार त्याच यंत्रावर छापून घ्या. ती खिडकीपाशी उजेडात धरा आणि महिरपीवरची पाने मोजता येतात का, जमाखर्चातल्या रकमांच्या खुणा वेगळ्या दिसतात का, ते पाहा. दिसत नसतील तर 'मीडिया'तून बाहेर काढून ठेवलेले मूळ चित्र घ्या आणि तेवढे एक चित्र ३००वर पुन्हा बसवा.